मुळं कुणाला आत घेतात

पलूस-तासगावकडच्या कृषी सेवा केंद्रांत आता मायकोरायझाची, म्हणजे मुळांत राहणाऱ्या सोबती बुरशीची, पुडी सहज मिळते. विद्राव्य खतांच्या शेजारीच ती मांडलेली असते, आणि घेणारा बऱ्याचदा त्याच खेपेला बारा-एकसष्ट या स्फुरदाच्या खताची पिशवीही गाडीवर टाकतो. माझा मामेभाऊ हळद करतो. त्यानंही तसंच केलं. लावण उगवून वर आली, ठिबकमधून पुडी सोडली, पाठोपाठ स्फुरदाचं खत सोडलं. गणपतीत मी गावी गेले तेव्हा भरणी होऊन रान गच्च झालं होतं. बांधावर उभं राहून त्यानं विचारलं, "ताई, तू हेच शिकवतीस न्हवं कॉलेजात? मग सांग की, ह्या बुरशीनं माझ्या हळदीला काय दिलं?"

त्याचा प्रश्न बुरशीबद्दल होता. माझं मन मात्र हळदीपाशी अडलं. बुरशी पुडीतून आलेली असो की रानात आधीपासून असलेली, तिला मुळात शिरायला परवानगी लागते. ती कधी द्यायची, किती आत येऊ द्यायचं, किती दिवस ठेवून घ्यायचं आणि कधी निरोप द्यायचा, हे झाड ठरवतं. हे ठरवताना ते जो हिशोब करतं, त्यातला बराचसा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उलगडला आहे. वर्गात हा भाग मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मला तेवढंच नवल वाटतं. शेतीच्या मेळाव्यांत मात्र पुडीचा दर आणि मात्रा यांपलीकडे बोलणं गेलेलं मी फारसं ऐकलेलं नाही, याची रुखरुख आहे.

सुरुवात स्फुरदापासून, म्हणजे फॉस्फरसपासून, करायला हवी, कारण सगळा व्यवहार त्याच्याभोवती फिरतो. नत्र बरंचसं पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतं. स्फुरदाचं तसं नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात चुनखडी भरपूर, तिथं ते कॅल्शियमला धरून बसतं. वर महाबळेश्वर-कासकडे जांभ्याच्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला अडकवून ठेवतात. जमिनीत असतं, पण मुळाच्या हाती लागत नाही. मुळाला लागून असलेल्या एक-दोन मिलिमीटर मातीतलं स्फुरद एकदा उचललं की तिथं रिकामा पट्टा पडतो, आणि लांबून नवं स्फुरद सरकत यायला फार वेळ लागतो. बुरशीचा तंतू असतो मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकाच जाड. मूळ जिथं शिरू शकत नाही त्या फटींतून तो जातो आणि रिकामा पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर पलीकडचं स्फुरद आणतो.

ही सोबत मुळांपेक्षाही जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म सापडले. त्यांना खरी मुळं नव्हती, जमिनीलगत रांगणारे खोडाचे भाग तेवढे होते. तरीही त्यांच्या पेशींत बुरशीची तीच फांद्या फुटलेली बारीक झुडपं दिसतात जी आज हळदीच्या मुळांत दिसतात. आजही जमिनीवरच्या दर दहा वनस्पतींपैकी सात-आठ ही सोबत करतात. ऊस, हळद, आलं, द्राक्ष, डाळिंब, शाळू, सोयाबीन, कोरेगावकडचा घेवडा, कांदा, सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांची बहुतेक मुख्य पिकं त्यात आली.

झाड याची किंमत मोजतं. पानांनी हवेतून धरलेल्या कार्बनपैकी ४ ते २० टक्के कार्बन बुरशीकडे जातो असा अंदाज आहे. त्यात साखर असते, आणि मेदाम्लंही असतात. मेदाम्लांची बाब २०१७ साली एकाच वर्षात अनेक प्रयोगशाळांनी दाखवून दिली. या बुरशीच्या जनुकसंचात मेदाम्लं नव्यानं घडवणारी मुख्य यंत्रणाच नाही, ती झाडानं पुरवावी लागतात. झाडाशिवाय तिचं जीवनचक्र पुरं होत नाही. स्फुरद दुसरीकडून मिळालं तर झाड मात्र तिच्यावाचून जगू शकतं. पारडं कुणाकडे झुकलंय ते इथंच कळतं.

आणि म्हणूनच पहिलं पाऊल झाडाचं असतं. स्फुरद कमी पडलं की मूळ मातीत स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतं. त्याचा शोध भलत्याच वाटेनं लागला, आणि ती वाट जत, आटपाडी, माणकडच्या ज्वारीवाल्यांना ओळखीची वाटेल. ज्वारीच्या मुळावर पोसणारा टारफुला त्यांनी पाहिलेला असतो. वीतभर उंची, नाजूक फुलं, आणि शेजारची ज्वारी वाळत चाललेली. त्याचं बी धुळीइतकं बारीक, एका झाडाला हजारोंनी, आणि जमिनीत वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. उगवतं ते जिवंत मूळ जवळ आलं तरच. त्याला कसं कळतं? कापसाच्या मुळांतून पाझरणारा एक पदार्थ हे बी जागं करतो, असं १९६६ साली दिसलं. पण आपल्याच वैऱ्याला उठवणारा पदार्थ झाड का सोडेल, हे कोडं जवळपास चाळीस वर्षं तसंच राहिलं. २००५ साली जपानी संशोधकांनी ते सोडवलं. बुरशीच्या तंतूंना भराभर फाटे फोडायला लावणारा पदार्थ ते मुळांत शोधत होते, आणि हाती आला तो याच कुळातला. झाड बोलवत होतं बुरशीला. टारफुल्यानं ती हाक चोरून ऐकायला शिकून घेतलं होतं.

हे रसायन मातीत फार टिकत नाही, लवकर तुटतं. त्यामुळे ते ज्या बीजाणूपर्यंत पोचलं त्याच्या जवळपास आत्ता, या घटकेला, जिवंत मूळ आहे एवढी खात्री त्यातून मिळते. हलक्या, भुकेल्या रानात टारफुला जास्त माजतो. त्याचं एक कारण हेच की भुकेलं मूळ जास्त हाका मारतं. २००८ साली आणखी एक गोष्ट कळली. हेच रसायन झाडाच्या अंगात संप्रेरक म्हणूनही काम करतं आणि खोडाला जादा फुटवे येऊ देत नाही. स्फुरद नसताना पसारा आवरायचा आणि मदत मागायची, दोन्ही कामं एकाच पदार्थाकडे. झाडांविषयी मला जे काही ठाऊक आहे त्यात इतकी नेटकी काटकसर फार थोड्या ठिकाणी दिसते.

बोलावलं तरी आलेला कोण, हे तपासावं लागतंच. मुळाभोवती रोग आणणारेही टपलेले असतात; आल्या-हळदीची कंदकूज काय करते हे इथं कुणाला सांगायला नको. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं. त्याचे लांब तुकडे जाणवले की झाड ढोबळमानानं शत्रू समजून बचाव उभा करतं. आखूड तुकडे, आणि मेदाची शेपटी जोडलेले तसलेच रेणू जाणवले की प्रतिसाद वेगळा असतो. भातामध्ये या दोन्ही कामांत पेशीच्या पृष्ठभागावरचं एकच ग्राहक प्रथिन, म्हणजे असे रेणू ओळखणारं प्रथिन, लागतं. ओळख पटली की पेशीच्या केंद्रकात कॅल्शियमची पातळी ठरावीक लयीत वर-खाली होऊ लागते आणि त्या लयीवर पुढची जनुकं चालू होतात. घेवडा-सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जिवाणूही याच यंत्रणेतून आत येतात. बुरशीसाठी घडलेला रस्ता शेंगावर्गातल्या पिकांनी पुढं जिवाणूंसाठी वापरला. आणि भातावरच २०१५ साली आढळलं की वणव्याच्या धुरातले पदार्थ ओळखणारं जे ग्राहक प्रथिन असतं, ते नसलेलं रोप या बुरशीची दखलच घेत नाही. साताऱ्याच्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लागतात तेव्हा मला हटकून हे आठवतं.

यापुढचं दृश्य मला सगळ्यांत आवडतं. बुरशीचा तंतू मुळाच्या बाहेरच्या पेशीला टेकतो आणि थांबतो. त्या स्पर्शाखाली पेशीचं केंद्रक सरकत येतं. मग ते पेशीच्या दुसऱ्या टोकाकडे निघतं आणि त्याच्या मागं पेशीरसाचा एक खांब उभा राहत जातो. पेशीचा आतला सांगाडा, पटलं, सगळी त्या रेषेत येऊन लागतात. काही तासांत आरपार वाट तयार होते. बुरशी तोवर बाहेरच. वाट पुरी झाल्यावर ती आत शिरते आणि झाडानं आखलेल्या त्याच रेषेनं पुढं जाते. जिवंत मुळांत, सूक्ष्मदर्शकाखाली, २००५ साली हे पाहिलं गेलं. ओळख पटवणारी जनुकं बिघडलेल्या झाडांत ही वाट होत नाही आणि बुरशी दारातच अडून राहते.

मामेभावाच्या रानातली बारीक मुळं मी कॉलेजात आणली. फुगीर, जाड मुळं यासाठी उपयोगाची नाहीत. बारीक, पांढुरकी घ्यायची. ती धुऊन दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करायची, म्हणजे पेशींतला ऐवज निघून जातो आणि मूळ पारदर्शक होतं. मुळाबरोबर कंदाचं साल राहिलं असेल तर पाणी बघता बघता लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू होतं ते याच गुणामुळे. मग मुळं पुन्हा धुवायची आणि व्हिनेगरमध्ये काळी शाई मिसळून त्यात काही मिनिटं उकळायची. फाउंटन पेनची शाई. ही रीत १९९८ साली प्रसिद्ध झाली. त्याआधीपासून वापरात असलेले रंग आरोग्याला घातक होते. शेवटी व्हिनेगरचे थेंब टाकलेल्या पाण्यात मुळं ठेवली की झाडाचा भाग फिका पडतो आणि बुरशीवर शाई राहते.

डोळा लावला की आधी दिसतात लांबच लांब तंतू, मुळाच्या लांबीनं पेशींच्या मधून धावणारे. मधेच कुठं फुगे. आणि मग आतल्या सालीतल्या पेशींत ती झुडपं: एका बुंध्याच्या दोन फांद्या, दोनाच्या चार, अशा बारीक होत गेलेल्या की टोकाशी नुसता निळसर धूसरपणा उरतो. त्यांना आर्बस्क्यूल म्हणतात. झुडपानं पेशी भरून टाकलेली असली तरी ते पेशीरसात थेट उतरलेलं नसतं. प्रत्येक फांदीभोवती झाडानं स्वतःचं पातळ पटल घातलेलं असतं, आणि स्फुरद, साखर, मेद अशी सगळी देवघेव त्या पटलातूनच होते. माझ्या काचपट्टीवर झुडपं होती, पण तुरळक. लांब लांब तुकडे कोरे. रानाच्या कडेला, ठिबकची नळी न पोचलेल्या रोपांच्या मुळांत ती दाट होती. दोन्ही जागांच्या मातीत इतरही फरक असणार, म्हणून एवढ्यावरून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण बराच वेळ मला तिथून उठवलं नाही.

झुडूप झालं म्हणजे मुक्काम कायमचा झाला असंही नाही. एक आर्बस्क्यूल काही दिवसच टिकतं. मग झाड ते मोडतं आणि पेशी पुन्हा मोकळी होते. कधी मोडायचं, याचा एक सुंदर प्रयोग लसूणघासाच्या जातीतल्या मेडिकॅगो या वनस्पतीवर झाला. झुडपाभोवतीच्या पटलात स्फुरद उचलून घेणारं एक वाहक प्रथिन असतं, ते २००२ साली सापडलं. ते बिघडवलं की बुरशीनं आणलेलं स्फुरद झाडापर्यंत पोचत नाही, आणि अशा झाडात झुडपं वेळेआधीच मोडली जातात. पुढं याच झाडांची नत्रासाठीही उपासमार केली, तेव्हा झुडपं टिकली. स्फुरद पोचत नसलं तरी नत्राची निकड असेल तर झाड लगेच संबंध तोडत नाही.

आमच्याकडे पैऱ्यानं भांगलण होते. आज त्या माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या रानात, आणि जी पैरा फेडत नाही तिला पुढच्या खेपेला कुणी बोलवत नाही. मुळांतला व्यवहार याच्या बराच जवळचा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत झाडानं जास्त स्फुरद देणाऱ्या बुरशीकडे जास्त कार्बन वळवला, आणि बुरशीनंही जास्त कार्बन देणाऱ्या मुळाकडे जास्त स्फुरद पाठवलं. पारख दोन्हीकडून चालू होती. शिवाय किती बुरशी आत घ्यायची यालाही झाड मर्यादा घालतं. एकाच रोपाची मुळं दोन कुंड्यांत वाटून लावली आणि एका कुंडीत बुरशी चांगली स्थिरावली, की दुसऱ्या कुंडीतल्या मुळांत तिचा शिरकाव कमी होतो.

सगळ्याच वनस्पती मात्र पैरा फेडत नाहीत. कासच्या पठारावर पावसाळ्यात टूथब्रश ऑर्किड फुलतं, त्याचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नाही. ऑर्किडचं बी रुजायला बुरशी लागते हे फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी १८९९ साली दाखवलं. तिथली बुरशी वेगळ्या गटातली, आणि कोवळ्या अवस्थेत ऑर्किडच तिच्याकडून पोसलं जातं.

आता बारा-एकसष्टकडे येते. झाडाच्या पेशीत स्फुरदाची स्थिती जाणणारी प्रथिनं असतात. स्फुरद पुरेसं असेल तर ती एका मुख्य चालक प्रथिनाला धरून ठेवतात. कमी पडलं की सोडून देतात, आणि सुटलेलं ते प्रथिन सोबतीसाठी लागणारी जनुकं चालू करतं, अगदी पटलातल्या त्या वाहकापर्यंतची. भातावरच्या संशोधनातून २०२१ साली हे पुढं आलं. झाडाची भूक मोजणारी यंत्रणा आणि बुरशीला आत घेणारी यंत्रणा अशी एकमेकींत गुंतलेली आहे. म्हणून रानात विरघळलेलं स्फुरद भरपूर झालं की हाक मंदावते, आणि हाकेच्या पुढच्या पायऱ्याही बंद पडत जातात. वाटाण्यावर आणि पेटुनियावर हे तपासलं गेलं आहे. भरपूर स्फुरद मिळालेल्या रोपांना स्ट्रिगोलॅक्टोन बाहेरून दिलं, तरी बुरशीचा शिरकाव पूर्ववत झाला नाही. मुळांच्या एका भागाला स्फुरद दिलं तर उपाशी ठेवलेल्या दुसऱ्या भागातही बुरशी कमी झाली. खत कुठल्या मुळाशी पडलं एवढ्यावर झाड थांबत नाही, सगळ्या अंगाची स्थिती बघून ठरवतं.

मामेभावाला मी हे बांधावर सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजे पाव्हणा बी मीच धाडला आणि दार बी मीच लावलं?"

"दार हळदीनं लावलं," मी म्हणाले. "तिचं पोट भरलं होतं."

स्फुरदाचं खत बंद करा असं मी त्याला म्हटलं नाही, इथंही म्हणणार नाही. माती परीक्षणात ते खरोखर कमी निघालं तर द्यावंच लागतं. हळदीवर घर चालतं. पण कित्येक रानांत डीएपी, दहा-सव्वीस-सव्वीस आणि वरून विद्राव्य खतं, हे सगळं माती न तपासता, शेजाऱ्यानं टाकलं म्हणून पडत राहतं. ज्या खडकापासून हे स्फुरद बनतं त्याचा बहुतांश भाग देशाबाहेरून येतो. एवढ्या लांबून आणलेला माल रानात टाकायचा, तो चुनखडीनं धरून ठेवायचा, आणि लांबून स्फुरद आणू शकणारी बुरशी त्याच्यामुळेच दाराबाहेर राहायची, हे मला मनापासून खटकतं.

पुडीला ठाम अर्थ आहे तो जिथं बुरशी उरलेलीच नाही तिथं. टिश्यू कल्चरची केळीची रोपं निर्जंतुक माध्यमात वाढलेली असतात, त्यांच्या मुळाशी कुणीच नसतं. लांब काळ मोकळ्या पडलेल्या रानाचंही तसंच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत दीर्घ पडीकानंतर घेतलेली पिकं खुरटायची, स्फुरद आणि जस्त कमी पडल्याची लक्षणं दाखवायची. १९८०च्या दशकात त्याचं कारण या बुरशीच्या ऱ्हासात सापडलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्याकडच्या रानांत दिवसचे दिवस साचून राहिलं, तेव्हा पिकं गेली, जमीन वाहून गेली, त्याची चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. मुळांशी असलेल्या या जीवाचं काय झालं असेल हे कुणी विचारलं नाही. हवा नाही आणि जिवंत मूळ नाही, अशा मातीत तिचे दिवस कठीण जातात. तशा रानात आधी ताग-धैंचा किंवा मका-ज्वारीसारखं मुळं पसरणारं पीक घ्यावं, आणि रोटाव्हेटरचे फेरे शक्य तितके कमी करावेत, कारण प्रत्येक फेऱ्याला तंतूंचं जाळं तुटतं. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट ही पिकं बुरशीला थाराच देत नाहीत. कोबी-मोहरीच्या कुळानं तर या सोबतीसाठी लागणारी काही जनुकंच गमावली आहेत. त्यांच्या पाठोपाठ तसलंच पीक पुन्हा घेऊ नये, एवढं तरी करता येतं.

आपल्या रानात काय चाललंय ते बघायचं असेल तर सुरुवात कांद्यापासून करा. कांद्याची मुळं जाड, सरळ, फाटे आणि केस जवळजवळ नसलेली. बुरशीवर ती फार विसंबून असतात आणि काचपट्टीवर हळदीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात. खत पडलेल्या वाफ्यातली एक मूठ, बिनखताच्या कोपऱ्यातली एक मूठ, दोन वेगळ्या पिशव्यांत, ओल्या मातीसकट, नावं लिहून. जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा विभाग असेल तर सूक्ष्मदर्शक असतोच, आणि कुणी शेतकरी असा पिशव्या घेऊन आला तर तिथली मुलं हातातलं काम टाकून बसतील, हे मी माझ्या वर्गावरून सांगते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हाताला लागू देऊ नका, ते काम त्यांच्यावर सोपवा. व्हिनेगर किराणा दुकानात मिळतं, आणि काळ्या शाईची बाटली घरातली चालते.